पानाखालचं अंजीर

"पाट्या किती?" गादीवर टेकता टेकता शेठनी विचारलं.

"अकरा."

"अकराच?"

"दिवे गावच्या पट्ट्यात दोन दिवस वळीव चाललाय. गाराही पडल्यात म्हणे."

शेठनी उदबत्ती लावली, तराजूला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "मग आज भाव कडक. आवाज जरा मोकळा ठेवा, मनोहर."

एकोणीसशे ब्याण्णव सालच्या एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. पुण्याच्या मार्केट यार्डात आमचा फळांचा गाळा होता. आमचा म्हणजे शेठचा. मी तिथं दिवाणजी. शेतकऱ्याचा माल उतरवून घ्यायचा, पाटी उघडून बघायची, प्रत ठरवायची आणि खरेदीदार जमले की उभं राहून बोली पुकारायची, हे माझं काम. एप्रिलात एरवी सकाळी दीडदोनशे पाट्या अंजीर यायचं. एवढा माल आला की पाटीला पन्नास मिळवताना घसा बसायचा. त्या दिवशी मात्र खरेदीदारच गाळ्यापुढं घिरट्या घालत होते.

अंजीर थांबत नाही. कांदा चाळीत राहतो, बटाटा शीतगृहात राहतो, आंबा गवतात पिकतो. अंजीर झाडावरच पिकायला लागतं, पहाटे तोडावं लागतं, आणि त्याच दिवशी विकलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडं बघवत नाही. म्हणून अंजिराच्या दिवाणजीला माल बघत बसायला वेळ नसतो. पाटीवरचं पान उचलायचं, दोन बोटांनी एक फळ दाबायचं, वास घ्यायचा आणि तोंडातून शब्द काढायचा. एकदा निघालेला शब्द परत घेता येत नाही.

माझ्या शब्दाला बाजारात किंमत होती. इब्राहिमभाई बागवान म्हणून साठीचे खरेदीदार होते, कॅम्पातल्या मोठ्या दुकानांना माल पुरवायचे. ते आमच्या गाळ्यावर कधी पान उचलायचे नाहीत. "मनोहर बोलला ना? मग बघायचं काय?" असं म्हणून पाट्या उचलायला लावायचे.

सव्वासातला भिवरवाडीचा टेंपो आला. ताडपत्रीतून पाणी गळत होतं. मागच्या फळीवरून कौसल्याबाई जगदाळे उतरली.

मनात मी तिला 'ती' म्हणत आलोय. तोंडानं कायम 'बाई' आणि 'तुम्ही'. तीही मला कधी भाऊ म्हणाली नाही. सगळा बाजार मला मनोहरभाऊ म्हणायचा, ती दिवाणजी म्हणायची. एवढ्याशा गोष्टीवर मी चार उन्हाळे काढले होते.

पदराचं टोक ओलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले, आणि उजव्या हाताच्या चारही बोटांना चिंध्या बांधलेल्या. अंजिराच्या देठातून दूध गळतं, त्यानं बोटं सोलवटतात. पण त्या दिवशी चिंध्यांतून रक्तही दिसत होतं.

"चौदा पाट्या आहेत," ती म्हणाली. "माल पावसात सापडलाय. वरचा थर जरा बरा दिसतोय, पण खाली फुटलाय. तुम्ही बघा आणि सांगूनच विका."

"बघतो," मी म्हणालो.

ती नळाकडं पाय धुवायला गेली. आपल्या मालाची बोली ऐकायला ती कधी थांबायची नाही. छातीत धडधडतं, म्हणायची.

पहिल्यांदा आली तेव्हा नवऱ्याला जाऊन सहा महिने झाले होते. विहिरीवरची मोटर काढताना विजेचा धक्का बसून गेला. घरात सासू, दोन लहान मुली आणि एकशेवीस झाडांची बाग. बाग नवऱ्यानं लावलेली, तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या पहिल्या दिवशी मी पाटी उघडली आणि सवयीनं भाव सांगायला लागलो, तर तिनं मला थांबवलं.

"भाव नंतर. माल कसा वाटला ते आधी सांगा."

असं मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, आज काय निघणार? मी चमकलो आणि खरं ते सांगून टाकलं. "माल वाईट आहे, बाई. एक दिवस उशिरा तोडता तुम्ही. तोंड उघडलंय फळाचं. दुकानात पोहोचेपर्यंत पाणी होईल."

पुढच्या खेपेला तिनं लवकर तोडला. मी म्हणालो, "आता कच्चा आहे, देठाशी बघा, अजून हिरवा आहे." तिसऱ्या खेपेला मोठी-लहान फळं एकत्र होती. तेही सांगितलं. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि जायची. एकदा मी म्हणालो, "बाई, रोज मी नावं ठेवतो, तुम्हाला राग येत नाही?" तर म्हणाली, "गावात सगळे मला बिचारी म्हणून गोड बोलतात. दीर म्हणतात, वहिनी, छान चाललंय, आणि मागं सांगत फिरतात की बाईच्या हातनं बाग टिकायची नाही, तोडून जमीन माझ्याकडं द्या. तुम्ही एकटेच आहात तोंडावर वाईट म्हणणारे."

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत, उन्हाळी बहाराच्या पहिल्याच आठवड्यात, मी तिची पाटी उघडली. खाली-वर एकसारखं फळ, देठाशी फिकट, पोटाला जांभळी झाक, प्रत्येकाखाली स्वच्छ पुसलेलं पान. मी पान हातात धरून नुसता बघत राहिलो. ती म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. एक नंबर."

ती हसली. बाजारात एवढा गोंगाट, हमालांच्या आरोळ्या, आणि मला ते हसू ऐकू आलं.

माझी बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बाळंतपणात गेली होती. त्याला नऊ वर्षं झाली होती. आई स्थळं आणायची, मी नको म्हणायचो. कौसल्याबाई यायला लागल्यावर मी जून ते जानेवारी नुसते महिने मोजायला लागलो. आंबा संपला, सीताफळ आलं, सीताफळ संपलं, बोरं आली; माझ्यासाठी ती सगळी मधली फळं होती. पण आमच्यात बोलणं व्हायचं ते फक्त अंजिराचं. दोघांच्यामध्ये कायम एक पाटी असायची आणि तिच्याबाहेर कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

त्या पावसाच्या आठ दिवस आधी मात्र ती जाता जाता म्हणाली होती, "यंदा भाव पडला तर दीर ऐकणार नाहीत. गावातली चार माणसं घेऊन येणार आहेत. बाग काढून ऊस लावायचं म्हणतात."

"मग तुम्ही?"

"मग मी कशाला येईन इकडं?" ती म्हणाली आणि टेंपोत चढली.

ते वाक्य मी आठ दिवस डोक्यात घेऊन फिरत होतो.

मी पाटीवरचं पान उचललं. वरचा थर खरंच बरा होता. खाली बोट घातलं तर फळ चिरलेलं, आतला गर बाहेर आलेला, आंबूस वास. दुसरी पाटी, तिसरी, सगळ्या तशाच. असा माल जाम करणारे नेतात, पाटीला पंधरा-वीस रुपयांनी. पलीकडं नळावर ती वाकून पाय धूत होती. बोटांवरच्या चिंध्या सोडून तिनं धारेखाली हात धरला आणि झटकन मागं घेतला.

खरेदीदार जमले. इब्राहिमभाई पुढं होते.

मी पान परत नीट बसवलं. आणि आवाज मोकळा करून पुकारलं, "जगदाळेबाईंचा माल, चौदा पाट्या, एक नंबर! बोला साठ!"

साठाचे ऐंशी झाले, ऐंशीचे शंभर. एकानं पाटीकडं हात नेला, तर इब्राहिमभाई त्याला म्हणाले, "अरे, मनोहर बोलतोय ना." एकशे दहाला त्यांनी बोली तोडली. त्या हंगामातला तो सगळ्यात वरचा भाव होता. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

ती पदराला हात पुसत आली. मी जवळजवळ धावतच पुढं गेलो. "एकशे दहा! पाटीला एकशे दहा निघाले, बाई!"

तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग ती म्हणाली, "माल कसा वाटला?"

"चांगला होता."

"खालचा बघितलात?"

"बघितला."

"आणि चांगला होता?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग वळली आणि सरळ इब्राहिमभाईंकडं गेली. हमाल त्यांच्या हातगाडीवर पाट्या चढवत होते.

"चाचा, ती पाटी उघडा."

"कशाला, बेटी? सौदा झाला."

"उघडा तुम्ही."

त्यांनी पान उचललं, वरची चार फळं बाजूला केली. वास घेतला. फळ परत ठेवलं आणि ते माझ्याकडं बघायला लागले. रागानं नाही. ओळखीच्या माणसाकडं आपण पुन्हा बघतो, तो हाच ना म्हणून, तसं.

"मनोहर, तुला दिसला नाही?"

"मी सांगितलं होतं त्यांना," कौसल्याबाई म्हणाली. "माल माझा आहे. सौदा मोडा."

पाट्या परत गाळ्यापुढं आल्या. शेठ गादीवरून उठून आले होते. ती माझ्यासमोर उभी राहिली. या वेळी नळाकडं गेली नाही.

"पुन्हा बोली लावा, दिवाणजी. आहे ते सांगून."

मी पुकारलं. "जगदाळेबाईंचा माल, चौदा पाट्या. पावसात सापडलेला. खाली फुटका." या खेपेला आवाज हलला. जामवाल्यानं अठरा रुपयांनी माल उचलला.

टेंपो निघायला दहा मिनिटं होती. ती चाकाजवळ उभी राहून बोटांना नव्या चिंध्या बांधत होती. मी गेलो.

"बाई, चुकलो."

"अठरा मिळाले त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पाऊस काय तुम्ही पाडला नाहीत." चिंधीची गाठ तिला एका हातानं बसेना. मी हात पुढं केला नाही. तिनं दातानं ओढून गाठ मारली. "चार वर्षं तुम्ही वाईट म्हणालात तेव्हा मी ते वाईट धरलं. म्हणून चांगलं म्हणालात ते चांगलं धरलं. त्यावर मी दिरांसमोर उभी राहिले. माझी बाग मला कळते, असं तोंडावर सांगितलं. आता मागचं सगळं कसं धरू? त्यातलं खरं किती होतं?"

"सगळं खरं होतं. फक्त आजचं…"

"आजचं का मग?"

बाजूनं केळ्यांच्या गाड्या जात होत्या. ड्रायव्हर चहा पिऊन परत येत होता. माझ्या तोंडात बरंच काही आलं होतं.

"तुमचं नुकसान होऊ नये म्हणून," मी म्हणालो.

ती थांबली. चांगली थांबली.

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं मान हलवली. माझं बोलणं ऐकून घेतल्यावर हलवायची तशीच. मग टेंपोत चढली.

पंधरा दिवसांनी पाऊस निवळल्यावर तिचा माल पुन्हा बाजारात आला, पण आमच्या गाळ्यावर नाही. समोरच्या रांगेत, चार गाळे सोडून. तिथला दिवाणजी तिच्या नावानं पुकारायचा आणि मी माझी बोली अर्ध्यात विसरायचो. इब्राहिमभाई आमच्याकडं येत राहिले. हसून बोलायचे, मुलीच्या लग्नाला बोलावलं, मी जेवून आलो. पण माझ्या गाळ्यावर त्यांनी त्या दिवसानंतर प्रत्येक पाटीवरचं पान स्वतः उचललं.

जुलैत मी भिवरवाडीला गेलो. मुद्दाम जुलैत. झाडावर एक फळ नसतं तेव्हा, म्हणजे मालाचं निमित्त सांगता येऊ नये. दिवेघाट चढून फाट्यावर उतरलो आणि चिखलातून मैलभर चालत गेलो. ओसरीवर तिची सासू वाटाण्याचं बी निवडत बसली होती.

"कोण पाहुणे?"

कौसल्याबाई आतून आली. मला बघून दारातच थांबली, पण आवाज नेहमीचा. "मार्केटातले दिवाणजी आहेत, आत्या."

"असं काय! बसा की. काय काम काढलं एवढ्या पावसात?"

"इकडं आलो होतो," मी म्हणालो. इकडं कुठं, ते म्हातारीनं विचारलं नाही.

चहा झाला. मोठी मुलगी पाटीवर गणितं करत होती, धाकटी माझ्या छत्रीकडं बघत होती. म्हातारीच सांगत होती की दीर चार माणसं घेऊन आले होते, बसले, चहा प्याले. सूनबाईनं त्यांना झाडाझाडाशी नेलं, कुठली फांदी कधी छाटायची ते सांगितलं. दीर परत आले ते काही बोललेच नाहीत. "बाग ऱ्हायली बघा," म्हातारी म्हणाली.

मी उठलो. ती म्हणाली, "आत्या, यांना फाट्यापर्यंत सोडून येते. ओढ्याला पाणी आहे, वाट कळायची नाही."

वाट चांगली कळत होती. आम्ही बागेच्या कडेनं चाललो. झाडं पानांनी गच्च भरलेली, खालून अंधार. आमच्यामध्ये पाटी नव्हती आणि मला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

ओढा ओलांडल्यावर मी म्हणालो, "त्या दिवशी एवढंच नव्हतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर विचारलं होतं."

"मला वाटलं, तुम्ही यायच्या बंद झालात तर…"

"हं."

फाट्यावर पिंपळाखाली उभे राहिलो. लांबून पुण्याकडं जाणाऱ्या एसटीचा आवाज यायला लागला. मी घाईनं विचारलं, "तेव्हाच सांगितलं असतं तर?"

तिनं विचार केला. खरंच विचार केला, मालाची प्रत बघताना मी करायचो तसा.

"तर मी नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "दोन पोरी आहेत, आत्या आहेत, गाव आहे. नाहीच म्हटलं असतं. पण माल तुमच्याकडंच आणला असता."

एसटी येऊन थांबली.

"मग आता आणाल?"

"आता नको, दिवाणजी. आता तुम्ही चांगला म्हणालात तर मला ते दुसऱ्याच कशाबद्दल वाटेल." मग जरा हळू म्हणाली, "आणि तसं वाटून घ्यायला बरं वाटेल. म्हणून नको."

कंडक्टरनं घंटी मारली. मी चढलो.

त्यानंतर मी बावीस वर्षं त्या गाळ्यावर काढली. लग्न केलं नाही. तिची बाग वाढली, एकशेवीसची तीनशे झाडं झाली. आता धाकटी मुलगी बघते, असं कळतं. कौसल्याबाई गेली त्याला येत्या पौषात सहा वर्षं होतील; मला ते महिन्याभरानं एका टेंपोवाल्याकडून समजलं. दरवर्षी फेब्रुवारीत, पहिलं अंजीर बाजारात आल्याची बातमी लागली की मी अजून पहाटे उठून बसतो. जायचं कुठं नसतं. पण अंथरुणात राहवत नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी एसटी निघाल्यावर तिनं मागं वळून पाहिलं नाही, सरळ वाटेला लागली. तसं मानलं की दिवस सोपे जातात. पण तसं झालं नव्हतं. ती ओढ्यापाशी थांबली होती आणि वळून खिडकीकडं बघत उभी होती, चांगली वळणापर्यंत. मी दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा मान मी खाली घातली होती.